सिनॉड असेंब्लीत मत नेमकं कोणाकोणाला असतं? चर्चने मला निवडलंय, जाणकारांनी सांगा

नगरची_लेक

सर्वांना सलाम. जरा मोठं होईल पण वाचा प्लीज.

आम्ही मूळचे नगरचे, माहेर-सासर दोन्हीकडे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). इकडे अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात आल्यावर घराजवळ ईएलसीएचं (इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन अमेरिका) एक लूथरन चर्च होतं तिथे जायला लागलो, आधी फक्त रविवारच्या उपासनेपुरतं, मग धाकट्याचा बाप्तिस्मा तिथेच झाला, मग रीतसर मेंबर झालो. मंडळी (म्हणजे हे आमचं स्थानिक चर्च) लहान आहे, वयस्कर माणसं जास्त, पण फार जीव लावतात. तर आता वार्षिक सभेत पाळकबाईंनी विचारलं की सिनॉड असेंब्लीला कोण जाणार, कोणीच बोलेना, मग एका आजींनी माझं नाव सुचवलं आणि सगळ्यांनी हात वर केले, झाली निवड. मला आनंदच झाला पण आता टेन्शन आलंय, कारण मला यातलं काहीच माहीत नाही.

आपल्याकडे सिनॉड म्हटलं की अख्ख्या सीएनआयची वरची सभा, दिल्लीचं ऑफिस वगैरे. इथे सिनॉड म्हणजे आपल्या डायोसिससारखं, एका बिशपच्या प्रांतासारखं, काहीतरी दिसतंय. मग ही असेंब्ली म्हणजे आपलं डायोसिसन कौन्सिल का? तिथे पाळकांचंच चालतं का साध्या मेंबरच्या मताला पण तेवढीच किंमत असते? मी चर्चने सांगितलं तसंच मत द्यायचं का स्वतःच्या मनाने? ऐन वेळी मुलं आजारी पडली तर नवऱ्याला पाठवलं तर चालेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आम्ही अजून सिटिझन नाही, व्हिसावर आहोत, तर मला मत देता येतं का, नंतर काही लफडं तर होणार नाही ना? यंदा बिशपची निवडणूक पण आहे म्हणे. पाळकबाईंना विचारणारच आहे पण मराठीत कोणी समजावलं तर डोक्यात नीट बसेल.

शिकागोचे_काका

अभिनंदन ताई! आणि त्या आजींचं पण, बरोबर माणूस निवडला त्यांनी. मी मेट्रोपॉलिटन शिकागो सिनॉडमधल्या एका मंडळीचा मेंबर आहे, पाळक नाही, साधा माणूस, पण सिनॉड कौन्सिलवर काम केलंय त्यामुळे जेवढं माहितीये तेवढं सांगतो.

आधी व्हिसाचं, कारण त्याचीच तुम्हाला जास्त काळजी दिसते. हे सरकारी मतदान नाही. इथे सिटिझनशिपचा काही संबंधच नाही. तुम्ही तुमच्या मंडळीच्या व्होटिंग मेंबर असल्या की झालं, आणि व्होटिंग मेंबर कोण तर दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेला मेंबर ज्याने चालू किंवा मागच्या वर्षात त्या मंडळीत प्रभुभोजन घेतलंय आणि काहीतरी दान दिलंय ज्याची नोंद आहे. रक्कम किती ते कुठे लिहिलेलं नाही, पाच डॉलर दिले तरी नोंद ती नोंद. त्यामुळे निर्धास्त जा.

आता रचना. ईएलसीए तीन लूथरन चर्चेस एकत्र येऊन बनलं आणि १ जानेवारी १९८८ पासून काम सुरू झालं. त्यात तीन पातळ्या, खाली मंडळी, मध्ये सिनॉड, वर अख्ख्या देशाचं चर्चवाइड. सिनॉड एकूण ६५. तुमच्याकडे तर मिनियापोलिस आणि सेंट पॉल जुळी शहरं असूनही दोन वेगळे सिनॉड आहेत, त्यामुळे नदीपलीकडच्या मैत्रिणीने तिच्या असेंब्लीचं काही सांगितलं तर ते तुम्हाला जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

सिनॉडमध्ये सगळ्यात वरचा अधिकार कोणाचा? बिशपचा नाही. असेंब्लीचा. हे आपल्या लोकांना पटकन पचत नाही कारण आपल्याकडे बिशपसाहेब म्हणतील ती पूर्व दिशा अशी सवय असते. इथे बिशप असेंब्लीचे अध्यक्ष असतात, सभा चालवतात, पण बजेट पास करणं, कौन्सिल निवडणं, घटनेत बदल करणं, खुद्द बिशप निवडणं, हे सगळं असेंब्ली करते. असेंब्ली वर्षातून दोन-तीन दिवस भरते, बहुतेक सिनॉडमध्ये दरवर्षी, काही ठिकाणी वर्षाआड, आणि मधल्या काळात सिनॉड कौन्सिल काम बघतं. आणि ह्या कौन्सिलचं अध्यक्षपद बिशपकडे नसतं, व्हाइस प्रेसिडेंटकडे असतं, आणि व्हाइस प्रेसिडेंट हा पाळक असूच शकत नाही, तो साधा मेंबरच पाहिजे आणि त्याला पगार पण नाही. मला हे फार आवडतं. म्हणजे बँकेत नोकरी करणारी एखादी बाई किंवा शाळेतला मास्तर तिथे अध्यक्षाच्या खुर्चीत बसतो आणि बिशप टेबलाच्या बाजूला.

मत कोणाला असतं ते आता नीट सांगतो. एक म्हणजे त्या सिनॉडच्या रोस्टरवर म्हणजे अधिकृत यादीत असलेले आणि सध्या कॉलवर म्हणजे नेमणुकीवर असलेले सगळे पाळक, जेवढे हजर असतील तेवढे. दुसरे डीकन म्हणजे सेवाकार्यासाठी नेमलेले, पाळक नसलेले सेवक, त्यांना पण तसंच मत. तिसरे सिनॉडचे पदाधिकारी. आणि चौथे तुम्ही, मंडळ्यांनी निवडून पाठवलेले साधे मेंबर. तुमच्या मंडळीत बाप्तिस्मा झालेले मेंबर १७५ पेक्षा कमी असतील तर कमीत कमी एक, १७५ किंवा जास्त असतील तर कमीत कमी दोन, आणि दोन असले तर शक्यतो एक बाई एक पुरुष. त्याच्या वर मोठ्या मंडळ्यांना अजून किती द्यायचे त्याचा हिशोब प्रत्येक सिनॉड आपला आपण ठरवतं.

आता ह्यातली खरी गोम. ईएलसीएच्या घटनेत तत्त्व आहे की असेंब्ली असो, कौन्सिल असो, कमिटी असो, त्यात निदान ६० टक्के माणसं साधे मेंबर पाहिजेत. आणि त्या साध्या मेंबरांमध्ये जवळपास निम्म्या बाया निम्मे पुरुष. पाळक तर सगळेच्या सगळे आपोआप मतदार, त्यांना कोणी कमी करू शकत नाही, मग ६० टक्के जमवायचे कसे? तर मंडळ्यांकडून माणसं वाढवून. म्हणून तर तुमच्या वार्षिक सभेत पाळकबाई नावं मागत होत्या. कोणीच गेलं नाही तर त्या खुर्चीवर पाळक बसवता येत नाही, ती रिकामीच राहते आणि तेवढं साध्या माणसाचं वजन सभेत कमी होतं. तुमची जागा शोभेची नाही, सगळी सभा ज्याच्यावर उभी आहे त्यातली ती एक आहे.

नवऱ्याचं म्हणाल तर तुमच्या बदल्यात तुमचं मत तो देऊ शकत नाही. सोसायटीच्या एजीएमला शेजाऱ्याचं प्रॉक्सी पत्र घेऊन जातात तसं इथे चालत नाही, प्रॉक्सी नाही आणि गैरहजर राहून मत पाठवणं पण नाही. मंडळीने त्यांना आधीच पर्यायी म्हणून निवडलं असेल आणि रजिस्ट्रेशन बदलून घेतलं तर ते स्वतः व्होटिंग मेंबर म्हणून जाऊ शकतात, पण मग ते त्यांचं मत, तुमचं नाही. चर्च ऑफिसला आत्ताच विचारून ठेवा पर्यायी कोण आहे.

आणि अजून एक, तुमची नेमणूक त्या दोन दिवसांत संपत नाही. पुढची निवड होईपर्यंत तुम्हीच मेंबर. मध्येच खास असेंब्ली बोलावली तर परत तुम्हालाच जायचं.

निवृत्त_पाळक_विदर्भ

प्रभू येशूच्या नावात सलाम. काकांनी छान मांडलंय. मी मूळचा नागपूरकडचा, इकडे बरीच वर्षं ईएलसीएमध्ये पाळक होतो, आता रिटायर झालोय. थोडी भर घालतो.

माझ्यासारख्या निवृत्त पाळकांना मत आपोआप नसतं, सिनॉडने तशी सोय केली असेल तरच. नव्याने उभ्या राहणाऱ्या मंडळ्या, जिथे अजून रीतसर मंडळी स्थापन झालेली नाही, त्यांच्या माणसांना पण सिनॉड तशी सोय करून मत देऊ शकतं. आणि देशाच्या प्रिसायडिंग बिशप किंवा त्यांनी पाठवलेले प्रतिनिधी असेंब्लीला आले तर त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. ताई, हे जरा लक्षात घ्या. अख्ख्या चर्चचा प्रमुख त्या सभागृहात बसला असला तरी त्याला मत नाही आणि तुम्हाला आहे.

मन की मंडळी, हा तुमचा प्रश्न खूप महत्त्वाचा आहे. इथे मुद्दामच डेलिगेट म्हणत नाहीत, व्होटिंग मेंबर म्हणतात. मंडळीने तुम्हाला निरोप्या म्हणून पाठवलेलं नाही. मंडळीतल्या लोकांशी बोला, त्यांचं दुखणं समजून घ्या, पण मत देताना तिथे झालेली चर्चा ऐकून, प्रार्थना करून, तुमच्या विवेकबुद्धीला जे पटेल ते द्या. घरून ठरवूनच आलो तर मग सभा कशाला भरवायची, पोस्टाने कागद पाठवले असते. मी अशी माणसं बघितली आहेत जी एका ठरावाच्या विरोधात मत द्यायचं ठरवून आली आणि माइकवर एखाद्या लहान गावच्या बाईचं दोन मिनिटांचं बोलणं ऐकून बदलली, आणि घरी जाऊन मंडळीला सांगितलं की मी असं असं केलं आणि का केलं. हे सांगणं मात्र तुमचं कर्तव्य आहे.

आता बिशपची निवडणूक. आधी कोणी उभं राहत नाही, प्रचार नाही, पोस्टर नाही. पहिल्या बॅलटला म्हणजे मतदानाच्या पहिल्या फेरीत तुम्ही कोऱ्या कागदावर किंवा स्क्रीनवर नाव लिहिता, ईएलसीएच्या रोस्टरवरच्या कुठल्याही वचन आणि संस्कारांच्या पाळकाचं. डीकन बिशप होऊ शकत नाही. ह्या पहिल्याच बॅलटला कोणाला तीन चतुर्थांश मतं मिळाली तर तिथेच निवड, पण नवीन माणसाच्या बाबतीत असं सहसा होत नाही, मग ते बॅलट नामांकन म्हणून धरतात. ज्यांना नको असेल ते नाव मागे घेतात. दुसऱ्याला पण तीन चतुर्थांशच लागतात. तिसऱ्याला वरचे सात जण उरतात आणि दोन तृतीयांश लागतात. चौथ्याला वरचे तीन आणि ६० टक्के. पाचव्यापासून दोघंच आणि साधं बहुमत. म्हणजे समजा ३०० मतं पडली तर पहिल्या दोन फेऱ्यांत २२५ पाहिजेत, तिसरीत २००, चौथीत १८०, आणि शेवटी १५१ ला काम होतं.

असं का करतात माहितीये का? कारण पहिल्या फेऱ्यांत अट इतकी कडक ठेवलीये की एखादा गट आधीच ठरवून आला तरी त्याला एकदम खेचून नेता येत नाही. मधल्या वेळात गीतं होतात, प्रार्थना होते, सात जण बोलतात, मग तीन जण प्रश्नांना उत्तरं देतात, आणि लोकांची मनं हळूहळू एका बाजूला येतात. काही सिनॉड थोडी वेगळी पद्धत वापरतात, असेंब्लीच्या आधीच विभागवार सभा घेऊन नावं पुढे आणतात, त्यामुळे तुमच्याकडचे नियम बघून घ्या. निवडलेल्या बिशपची मुदत सहा वर्षांची, परत निवडून येऊ शकतात. आपल्या सीएनआयमध्ये डायोसिस पॅनल पाठवतं आणि शेवटचा निर्णय वर होतो, इथे त्या सभागृहातली माणसंच शेवटपर्यंत निवडतात.

असेंब्लीने काय काय घडवलंय त्याचं एक उदाहरण. १९९२ मध्ये ला क्रॉस एरिया सिनॉडने एप्रिल लार्सन यांना बिशप म्हणून निवडलं, ईएलसीएतल्या त्या पहिल्या महिला बिशप. वरून कोणी नेमलं नव्हतं. विस्कॉन्सिनमधल्या एका सिनॉडच्या पाळकांनी आणि साध्या मेंबरांनी मतं देऊन निवडलं. लूथरन चर्चेसनी अमेरिकेत बायकांना पाळक म्हणून दीक्षा द्यायला सुरुवात केली १९७० मध्ये, आणि त्यानंतर बावीस वर्षांनी हे झालं.

टेक्सासवाला_मिझुरी

मध्येच बोलतो, सगळे लूथरन असे नाहीत हे पण वाचणाऱ्यांना कळू दे. आमचं लूथरन चर्च मिझुरी सिनॉड. आमच्यात सिनॉड म्हणजे अख्खं राष्ट्रीय चर्च आणि प्रादेशिक भागाला डिस्ट्रिक्ट म्हणतात, ३५ आहेत. डिस्ट्रिक्टचं कन्व्हेन्शन तीन वर्षांनी एकदा. आणि मताचा हिशोब एकदम सोपा, प्रत्येक मंडळीमागे एक पाळकाचं मत आणि एक साध्या मेंबरचं मत. बस. मंडळी पन्नास माणसांची असो नाही तर तीन हजारांची. शाळेतले शिक्षक, मंडळी नसलेले पाळक वगैरे येतात, सल्ला देतात, मत नाही. बिशप नाही, डिस्ट्रिक्ट प्रेसिडेंट असतो.

मला स्वतःला हे जास्त बरोबर वाटतं कारण पाळक आणि मंडळी दोघं समान वजनाने उभे राहतात. दक्षिणेत नागरकोइलचं इंडिया इव्हँजेलिकल लूथरन चर्च आहे ते आमच्याच मिशनच्या कामातून उभं राहिलेलं, त्यामुळे तिकडून आलेल्या लोकांना आमची पद्धत ओळखीची वाटते.

शिकागोचे_काका

टेक्सास भाऊ, मान्य, सोपं आहे. पण समान वजन म्हणता तेव्हा बघा, एका पाळकामागे मंडळीत दोनशे माणसं असतील आणि त्या दोनशेंचं वजन एका पाळकाएवढं धरलं जातं. आमच्याकडे ६०-४० का ठेवलं तर शब्द आणि संस्कार पाळकांकडे सोपवलेले आहेत, पण चर्चचा कारभार बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांचा आहे. तुमच्या पद्धतीत छोट्या मंडळीला मोठ्याइतकंच मत मिळतं हे मात्र मला खरंच आवडतं, आमच्यात मोठी मंडळी जास्त माणसं पाठवते आणि लहान मंडळ्यांना कधीकधी वाटतं आपलं कोण ऐकणार.

साधा_विश्वासू_पुणे

मी पुण्यात असतो, अमेरिकेतलं चर्च बघितलेलं नाही, पण हे सगळं वाचून एक प्रश्न मनात आला तो मनापासून विचारतो, वाद घालायचा नाही. देवाचं काम मतं मोजून ठरवायचं का? टक्केवारी, बॅलट, दुरुस्ती, हे सगळं नगरपालिकेत ठीक आहे. उद्या ६० टक्के लोक म्हणाले अमुक पाप नाही तर ते पाप नाही का? २००९ मध्ये तुमच्या ह्याच चर्चने समलिंगी संबंधातल्या लोकांना पाळक होऊ द्यायचा निर्णय मतांनी घेतला आणि किती मंडळ्या सोडून गेल्या. मग एकीसाठी प्रार्थना करणाऱ्या सभेतून फूटच पडली ना?

निवृत्त_पाळक_विदर्भ

तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला टाळून चालणार नाही.

आधी एक गोष्ट. तो निर्णय सिनॉड असेंब्लीचा नव्हता, चर्चवाइड असेंब्लीचा होता, २००९ च्या ऑगस्टमध्ये मिनियापोलिसला. पण दोन्हींचा संबंध आहे कारण चर्चवाइडला जाणारी माणसं सिनॉड असेंब्लीच निवडते. त्या सभेत लैंगिकतेवरच्या सामाजिक निवेदनाला दोन तृतीयांश मतं लागत होती आणि मतं पडली ६७६ बाजूने, ३३८ विरुद्ध. हिशोब करून बघा, १०१४ चे दोन तृतीयांश बरोबर ६७६ होतात. एक माणूस जरी इकडचा तिकडे गेला असता तर ते पास झालं नसतं. आणि उलटं पण घडलंय, १९९७ मध्ये फिलाडेल्फियाला एपिस्कोपल चर्चबरोबर पूर्ण सहभागितेचा करार फक्त सहा मतांनी दोन तृतीयांशाला कमी पडला, मग पुन्हा बोलणी करून, मसुदा बदलून, दोन वर्षांनी डेन्व्हरला तो पास झाला.

मत मोजून सत्य ठरतं असं आम्ही मानत नाही. ईएलसीएच्या घटनेचा दुसरा चॅप्टर म्हणजे विश्वासाची कबुली, पवित्र शास्त्र, तीन जुने मतांगीकार, १५३० चं ऑग्सबर्ग कबुलीपत्र. येशू प्रभू आहे का नाही ह्यावर कोणी बॅलट घेत नाही. पण ह्या काळात ह्या जागी आपण कसं वागायचं, कोणाला पाळक म्हणून स्वीकारायचं, पैसा कुठे खर्च करायचा, हे कोणीतरी ठरवणारच. ते एकट्या बिशपने बंद खोलीत ठरवावं का सगळ्यांनी उघड्यावर, एकमेकांचं ऐकून? मला दुसरं बरं वाटतं, त्यात दुःख आहे तरी.

आणि दुःख झालंच. मंडळ्या गेल्या हे खरं, शेकड्यांनी गेल्या, २०१० मध्ये नॉर्थ अमेरिकन लूथरन चर्च नावाचं वेगळं चर्च उभं राहिलं. माझे जिवाभावाचे सहकारी गेले. त्यांना पण कोणी अडवून ठेवू शकलं नाही, कारण बाहेर पडायचा निर्णय सुद्धा मंडळीनेच मताने घ्यायचा असतो, बिशपशी सल्लामसलत करून, मध्ये निदान ९० दिवस जाऊ देऊन, दोन वेळा दोन तृतीयांशाने. गेलेल्यांशी मी आजही बोलतो.

साधा_विश्वासू_पुणे

उत्तर सविस्तर दिलंत त्याबद्दल आभार पाळकसाहेब. मला अजून पूर्ण पटलेलं नाही. उघड्यावर ठरवणं चांगलं हे कबूल, पण जेमतेम दोन तृतीयांश म्हणजे तीनातला एक माणूस मनाविरुद्ध ओढला जातो, आणि चर्चमध्ये तीनातला एक म्हणजे खूप झाला. अशा वेळी थांबायला हवं होतं असं माझं मत.

निवृत्त_पाळक_विदर्भ

हे तुमचं म्हणणं सभागृहात पण खूप जणांनी मांडलं होतं. म्हणूनच त्या निवेदनात वेगवेगळ्या मतांच्या लोकांच्या बांधील विवेकबुद्धीचा आदर करायचा असं लिहिलंय, आणि कुठल्याही मंडळीवर तिला नको असलेला पाळक लादता येत नाही. मंडळी आपला पाळक स्वतः मत देऊन बोलावते.

नगरची_लेक

अरे बापरे, एवढं सगळं! खूप खूप आभार सगळ्यांचे. व्हिसाचं ऐकून तर डोक्यावरचं ओझं उतरलं.

शेवटचं पाळकसाहेब म्हणाले त्यावरूनच विचारते. आमच्या मंडळीला पूर्ण वेळ पाळक परवडत नाहीत, आत्ताच्या पाळकबाई अर्धवेळ आहेत आणि त्या पण पुढच्या वर्षी जाणार म्हणतायत. आसपास अशाच दोन-तीन लहान मंडळ्या आहेत. तर असेंब्लीत उभं राहून आम्हाला पाळक द्या असं म्हणता येतं का? आणि माइकवर बोलायचं म्हणजे माझं इंग्लिश ऑफिसपुरतं ठीक आहे पण शेकडो लोकांसमोर कधी बोलले नाही.

शिकागोचे_काका

ताई, पाळक द्या असा ठराव असेंब्ली करू शकत नाही. पाळक मंडळी बोलावते, सहसा दोन तृतीयांश मतांनी, बिशपचं ऑफिस फक्त नावं सुचवतं. पण लहान मंडळ्यांनी मिळून एक पाळक ठेवायचा असेल तर सिनॉडने त्यासाठी मदत करावी, बजेटमध्ये काही तरतूद करावी, ह्याचा आराखडा पुढच्या असेंब्लीपर्यंत मांडावा, असा ठराव तुम्ही नक्की आणू शकता. त्याला रेझोल्यूशन म्हणतात. हाच मुद्दा अख्ख्या देशासाठी आहे असं वाटलं तर असेंब्ली तो मेमोरियल म्हणून चर्चवाइड असेंब्लीकडे पाठवू शकते. पण ऐन सभेत उठून सुचलं आणि मांडलं असं शक्यतो नको. ठराव द्यायची शेवटची तारीख असते, असेंब्लीच्या आधी कित्येक आठवडे, आणि एक कमिटी ते सगळे ठराव वाचून, भाषा ठीक करून, एकसारखे दोन असले तर एकत्र करून सभेपुढे ठेवते. तारीख गेल्यावर दिलेला ठराव घ्यायचा का नाही हे सभेच्या मर्जीवर जातं आणि बहुतेक वेळा लटकतो.

त्या दोन-तीन शेजारच्या मंडळ्यांना पण फोन करा, तुमच्या पाळकबाईंना सांगून. एकाच मंडळीच्या ठरावापेक्षा तीन मंडळ्यांच्या कौन्सिलने पास करून पाठवलेला ठराव कमिटी वेगळ्या नजरेने बघते, आणि त्या तीनही मंडळ्यांचे व्होटिंग मेंबर सभागृहात असतातच.

माइकचं घाबरू नका. सभा रॉबर्ट्स रूल्सने चालते, म्हणजे कोणी प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग चर्चा, दुरुस्त्या, मग मत. आमच्याकडे बाजूने बोलणाऱ्यांचा माइक वेगळा आणि विरोधाचा वेगळा, बिशप आलटून पालटून बोलावतात, आणि दोन-तीन मिनिटांत घंटा होते. तुम्ही आधी नाव सांगायचं, मंडळीचं नाव आणि गाव सांगायचं, मग मुद्दा. कागदावर लिहून आणून वाचलं तरी कोणी काही म्हणत नाही, अर्धे पाळक पण वाचतातच. फक्त एक लक्षात ठेवा, कोणीतरी मध्येच उठून चर्चा बंद करा असा प्रस्ताव मांडतो, त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. पास झाला की माइकमागे रांगेत उभे असलेले सगळे परत जागेवर. त्यामुळे बोलायचं असेल तर सुरुवातीलाच रांगेत उभ्या राहा, दुसऱ्यांचं होऊ दे मग बघू असं करू नका.

टेक्सासवाला_मिझुरी

हे आमच्याकडे पण सेम. शेवटी रांगेत लागलेला माणूस कधी बोलत नाही.

नगरची_लेक

शेजारच्या एका मंडळीत ओळखीच्या ताई आहेत, त्यांना आजच फोन करते. ठरावाचा नमुना कुठे मिळेल का?

शिकागोचे_काका

तुमच्या सिनॉडच्या साइटवर मागच्या वर्षीच्या असेंब्लीचे कागद असतील, त्यात पास झालेले ठराव जसेच्या तसे छापतात, त्यातला एखादा लहानसा घ्या आणि त्याच घाटाने लिहा. वर कारणं, दोन-तीन वाक्यात, आणि खाली असेंब्लीने नेमकं काय करावं, कोणी करावं, कधीपर्यंत करावं. खालचा भाग जितका नेमका तितकं बरं, कारण मत त्याच्यावरच पडतं, कारणांवर नाही. तिथेच सिनॉडची घटना पण असेल, त्यातला सातवा चॅप्टर असेंब्लीचा आहे, तेवढा वाचा. काही कलमांपुढे खंजिरासारखी बारीक खूण दिसेल, ती कलमं ६५ च्या ६५ सिनॉडना सारखीच लागू असतात, बाकीची तुमच्या सिनॉडने स्वतः ठरवलेली. रजिस्ट्रेशन फी बहुतेक मंडळी भरते, तुमच्या खिशातून देऊ नका, आधी ट्रेझररला विचारा. मसुदा तयार झाला की इथे मराठीत टाका, पाळकसाहेब आणि मी बघून देतो.